अंगणातले गवत काढणाऱ्या शेजारच्या मुलाला किती पैसे द्यावेत?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोळा रो-हाउसची वसाहत आहे. जुलैच्या मध्याला माझ्या मागच्या अंगणात गवत गुडघ्यापर्यंत आले होते आणि नेहमीचे माळीकाका भातलावणीसाठी पेठ तालुक्यातल्या आपल्या गावी गेलेले होते. शेजारच्या दहावीतल्या मुलाने, "आजोबा, मी काढून देऊ का?" असे आपणहून विचारले. रविवारी सकाळी तीन तास खपून त्याने खुरप्याने गवत काढले, पालापाचोळा खड्ड्यात टाकला आणि कुंड्या हलवून त्यांच्याखालची जागाही साफ केली. मी त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवले. याच कामाचे माळीकाकांना मी चारशे देतो, ही गोष्ट संध्याकाळी लक्षात आली आणि मन खात राहिले. कामाची किंमत कामावरून ठरावी, करणाऱ्याच्या वयावरून नव्हे, असे माझे मत झाले आहे. उरलेले तीनशे घेऊन गेलो, तर त्याच्या आईने "घरच्यासारखे आहात" म्हणून ते परत केले. माझे काही चुकते आहे काय?

पंचवटीकर

चुकते आहे. आमच्या वाड्यात मुलांनी शेजारचे दळण आणायचे, उन्हाळ्यात पापड-कुरडयांवर राखण बसायचे आणि बदल्यात हातावर लाडू मिळाला की उड्या मारत जायचे, हा रिवाज होता. त्यातून आम्हाला जे मिळाले त्याचा दर कोणी काढला नाही, म्हणूनच ते टिकले. आज गवताचे चारशे घेणारा मुलगा उद्या तुमचे औषध आणून देताना रिक्षासारखे मीटर टाकील आणि त्या वेळी तक्रार करण्याचा अधिकार तुम्हाला उरणार नाही. शंभर रुपयेसुद्धा जास्तच झाले, असे मी म्हणेन.

इंदिरानगरची आई

वाड्यातला तो लाडू मुलग्यांनी उड्या मारत खाल्ला असेल, पण तिथल्या मुली तेव्हा कोणाची तरी लहान भावंडे कडेवर घेऊन बसलेल्या होत्या, हे पंचवटीकर विसरतात. माझी सोळा वर्षांची मुलगी गेले चार महिने समोरच्या घरातल्या दोन लहान मुलांना रोज संध्याकाळी दोन तास सांभाळते आणि त्यांचा अभ्यासही घेते. त्याच घरची गाडी धुतल्याबद्दल माझ्या मुलाला दर वेळी पन्नास रुपये मिळतात. मुलीला मात्र "किती गुणी आहे" एवढेच मिळाले. शेजारधर्म जर सर्वांसाठी फुकट असेल, तर गाडीही फुकट धुतली जावी. मी स्वतःही चार महिने गप्प राहिले, हे कबूल करते.

मखमलाबादचा बागायतदार

द्राक्षाच्या बागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, नवख्या माणसाच्या हाती आम्ही कात्री देत नाही. काडीवरच्या कोणत्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागेवर, काप घ्यायचा हे चुकले तर त्या काडीवरचा वर्षाचा घड जातो, म्हणून नवखा आधी छाटलेल्या काड्या वेचतो आणि त्याला मजुरीही त्याच कामाची मिळते. तुमच्या मुलाला तीन तास लागले, माळी ते दीड तासात उरकून जास्वंदीची छाटणीही करून जाईल. म्हणून पोराला माळ्याइतका दर देणे म्हणजे माळ्याच्या हाताला असलेल्या वीस वर्षांच्या सवयीची किंमत शून्य धरणे होय. शिवाय लावणी संपवून काका परततील, तेव्हा त्यांचे रविवारचे काम शेजारच्या पोराने उचललेले असेल, याचाही विचार करावा.

गोदाकाठ

बागायतदारांचा पहिला मुद्दा मान्य आहे, पण दुसरा त्यांच्यावरच उलटतो. मुलगा शंभरात काम करू लागला, तर वसाहतीतली सोळाही घरे माळीकाकांना नको म्हणतील. काम तेवढेच आणि दरही तोच असेल, तर मात्र त्यांना डावलण्याचे कोणालाच कारण उरणार नाही. स्वस्त पोर हे माळ्याचे नुकसान आहे, महाग पोर नव्हे. मुलाला वेळ जास्त लागतो, म्हणून तासावर न देता उक्ते द्यावे, एवढीच दुरुस्ती मी स्वीकारतो.

कायद्याचा विद्यार्थी

दराआधी वयाचे बघावे. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला केलेली मदत आणि काही अटींवर बालकलाकाराचे काम हे त्याला अपवाद आहेत. चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामांना मनाई आहे. आस्थापनांमधल्या किशोरांसाठी सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती आणि संध्याकाळी सातनंतर काम नाही, असे नियम आहेत. ते अंगणाला जसेच्या तसे लागू नसले तरी मोजपट्टी म्हणून चांगले आहेत. माझे स्वतःचे मत असे की, तणनाशकाची फवारणी, टाकीत उतरून सफाई आणि पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र ही कामे कितीही पैसे दिले तरी मुलांना सांगू नयेत. गवतात गाजरगवत असेल तर ते उघड्या हातांनी उपटल्यावर अंगावर पुरळ उठू शकते, त्यामुळे हातमोजे तुम्ही द्यायचे, त्याने आणायचे नाहीत.

सिडको

येथे सगळे दहावीतल्या शेजाऱ्याच्या मुलाबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहितो. माझी आई चार बंगल्यांत धुणीभांडी करीत असे आणि सुटीत मी तिच्याबरोबर जाऊन अंगण झाडणे, गच्ची धुणे, जुनी रद्दी उतरवणे अशी कामे करीत असे. मला "खाऊला घे" म्हणून दहा रुपये मिळत. त्याच घरी सुटीला आलेल्या भाच्याने एकदा झाडांना पाणी घातले, तेव्हा "पहिली कमाई" म्हणून त्याला शंभराची नोट पाकिटात घालून दिलेली मी पाहिली. त्या दिवशी मला पैशांचे दुःख झाले नाही. माझे काम कमाईत धरले जात नाही, याचे झाले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहात राहून श्रम करीत शिकण्याचा, कमवा व शिका हा विचार रुजवला. त्यात काम करणारा मुलगा उपकाराचा धनी नव्हता. आता तुमच्या कामवाल्या बाईंची मुलगी अंगण झाडते, तेव्हा तिला शेजाऱ्याच्या मुलाइतके देता काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या घरापुरते द्यावे.

पंचवटीकर

सिडको यांच्या अनुभवावर मी वाद घालणार नाही. मात्र वसतिगृहातले श्रम आणि शेजाऱ्याचे अंगण एक नव्हेत, हे मत कायम आहे.

गोदाकाठ

काल मुलालाच विचारले. तुळशीमागचा कोपरा राहिला होता आणि पहिला तास खुरपे धरायला शिकण्यात गेला, असा हिशेब मांडून त्याने स्वतःहून अडीचशे सांगितले. म्हणजे आणखी दीडशे. पैसे त्याच्या नावावरच्या खात्यात जातील, या अटीवर आईही तयार झाली. माळीकाका आले की जास्वंदीची छाटणी बघायला थांबू का, असे त्याने विचारले आहे. त्या दिवसाचे तो काही घेणार नाही म्हणतो.

पंचवटीकर

अडीचशे घेतले ते घेतले. तुम्हाला अजून आजोबाच म्हणतो ना, एवढे कळवा.