मदत हवी आहे: कळा सुरू असताना संमती आणि वेदनेची मोजणी (एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध)

प्राजक्त_सडा:

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या. प्रबंधाचा विषय: प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत कंबरेला मालीश आणि गरम शेक दिल्याने पहिलटकरणींना वेदना कमी जाणवतात का. जागा मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाची लेबर रूम.

विषय नवा नाही, हे माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत निरोगी बाईला वेदना कमी करून हव्या असतील तर तिच्या आवडीप्रमाणे मालीश किंवा शेक द्यावा, असं आहेच. आमच्या वॉर्डातल्या मावशींना तर यात संशोधन कसलं करायचं तेच कळत नाही, त्यांची आजी सुईण होती.

अडलंय ते असं. एथिक्स कमिटीने आराखडा परत पाठवला. आमच्याकडच्या जुन्या प्रबंधांत भरतीच्या वेळी संमती घेतात, तसंच मी लिहिलं होतं. कमिटीचा प्रश्न: कळा देत असलेली बाई चार पानी माहितीपत्रक वाचणार कधी आणि नाही म्हणणार कशी? मुद्दा रास्त आहे, पण एएनसी ओपीडीत (गरोदरपणातल्या तपासणीला) आधीच संमती घ्यायची म्हटली तर निम्म्याअधिक बायका आमच्याकडे नाव नोंदवलेल्याच नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रेफर होऊन, आशाताईंबरोबर थेट लेबर रूमलाच येतात.

दुसरं मोजपट्टीचं. गाईड मॅडम ० ते १०ची पट्टी वापर म्हणतात. नुसती पट्टी समजते का ते पाहायला एकीला विचारलं, तर म्हणाली, "दहा म्हंजे मरायला टेकल्यावर ना ताई? मग आठ लिवा." सिस्टरांनी अर्धा तास कंबर चोळून दिल्यावर परत विचारलं तर नऊ! आणि वर म्हणते, "बरं वाटतंय, थांबू नगा." आता हिच्या पुढ्यात काय लिहायचं?

मॅडमचं म्हणणं, एकच गट घे, आधी-नंतर मोज, साठ नमुने पुरेत, वेळेत सबमिट होईल. मला तुलनेसाठी दुसरा गट हवासा वाटतो, पण आमच्या टेबलांमध्ये धड पडदाही नाही. एकीला मालीश चाललं की शेजारची म्हणणार, मलापण करा. तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

जुनी_सिस्टर:

आधी-नंतरच्या नादी लागू नकोस. गर्भपिशवीचं तोंड उघडत जातं तशा वेदना वाढणारच, मालीश कितीही चांगलं असलं तरी. तुझा आठाचा नऊ तिथूनच आला. दोन गट घे आणि दोन्हीकडे सारख्याच टप्प्यावर मोज, म्हणजे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर पहिली नोंद आणि पुढच्या ठरावीक वेळांना बाकीच्या. कळेच्या ऐन भरात किती दुखलं ते विचारायचं की दोन कळांमध्ये, हेही आधी लिहून ठेव. नोंद घेणारी सिस्टर वेगळी असू दे. मालीश तू करायचं आणि गुणही तूच विचारायचे, तर बाई तुझं मन राखायला कमी सांगते.

शेजारच्या टेबलाचा प्रश्न खरा आहे. आम्ही टेबलाऐवजी आठवडे वाटले होते, एक मालीशचा, एक नेहमीच्या काळजीचा. आठवड्यांच्या चिठ्ठ्या काढ आणि हिशेबाला बसायच्या आधी संख्याशास्त्रवाल्यांना दाखव, कारण मग नमुना साठात भागत नाही. तुलनेच्या गटातल्या बाईलाही शेवटची नोंद झाली की मालीश देता येतं. कमिटीला हे पटतं.

आणि सीटीआरआयची (अशा चाचण्यांची देशपातळीवरची नोंदवही) नोंदणी पहिली बाई घेण्याआधी कर. फुकट असते, पण एप्रिल २०१८पासून मागाहून घेत नाहीत.

पारावरची:

मी एमएसडब्ल्यूवाली (समाजकार्यातली), त्यामुळे आकड्यांत पडत नाही. संमतीचं म्हणशील तर रेफर झालेल्यांना सरळ वगळ. ओपीडीत ३६व्या आठवड्यानंतर येणाऱ्यांशी बोल, माहितीपत्रक घरी नेऊ दे, आणि लेबर रूममध्ये फक्त "अजून चालेल ना?" एवढंच विचार. नमुना हळू जमेल. निष्कर्ष तेवढ्याच बायकांपुरता राहील, तेही प्रबंधात लिही. मात्र ओपीडीतही सासूच्या देखत विचारू नकोस, तिथे होकार सासूचा असतो.

तू टाकून देणार असलेलं "बरं वाटतंय, थांबू नगा" हे मला त्या नवापेक्षा मोलाचं वाटतं. दहा-बारा जणींशी बाळंतपणानंतर निवांत बोलून ती बाजूही घे. सोबतीला कोण होतं तेही विचार. सरकारी दवाखान्यात सोबतीण ठेवायला २०१६पासून परवानगी आहे, प्रत्यक्षात तिला दाराबाहेर बसवतात. आणि सोबतीने बरं वाटलं की मालीशने, हे तुझ्या आकड्यांतून कळणार नाही.

प्राजक्त_सडा:

खूप आभार दोघींचे. हे मनातही नव्हतं. मग सोबतीण दोन्ही गटांत ठेवावी लागेल ना? इन्चार्ज सिस्टर आत घेतील का, ते आधी विचारते.

जुनी_सिस्टर:

हो, दोन्हीकडे. अधीक्षकांकडून लेखी घे, तोंडी परवानगी ड्यूटी बदलली की संपते.