मदत हवी आहे : वस्तीतलं सामुदायिक शौचालय बायकांनी चालवायला घ्यावं का?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका वस्तीत आमचा बचत गट आहे, अठरा जणी. मी हिशेब लिहिते. शौचालयाची १२ सीट, त्यातल्या चार कायम तुंबलेल्या. ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून एकदा उगवतो. रात्री दिवा नसतो, त्यामुळे मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे लिहितानाही लाज वाटते, आमची नाही, व्यवस्थेची.

१९९९-२००० च्या सुमारास पुणे महापालिकेने संस्थांकडून शौचालयं बांधून घेतली, तेव्हा स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन या वस्त्यांमधल्या बचत गटांच्या संघटनेतल्या बायकांनी काही ठिकाणी बांधकाम आणि देखभाल दोन्ही सांभाळली होती. वर केअरटेकरची खोली, लहान मुलांसाठी वेगळी जागा, आणि प्रत्येक कुटुंबाचा महिन्याचा पास. तसंच इथे करायचा विचार आहे.

अडचण पैशांची. पास ५० रुपये ठेवला तर अर्धी घरं देतील, बाकीचे "पालिकेचं आहे, फुकटच हवं" म्हणतील. त्यांना दारात अडवायचं कसं? शेजारीच आहेत, रोज तोंड बघायचं!

ज्यांनी असं चालवलंय त्यांनी सांगा : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवावी लागली की बचत गटाच्या नावावर चाललं? वीजबिल कोण भरतं? आणि टाकी उपसायचा खर्च आधीपासून बाजूला काढता का? वॉर्ड ऑफिसला अर्ज नेमका कोणत्या खात्याकडे द्यायचा, तेही सांगा.