अस्थिपेटीवर वडिलांचा चेहरा कोरायचा आहे: जुना साग चालेल का?

केळीबाग (यावल तालुका):
आमचे वडील, म्हणजे नाना, पौषात गेले. सावडलेल्या अस्थींचे विसर्जन आम्ही प्रकाशा येथे तापीत केले. मात्र थोरले बंधू परदेशातून वेळेवर पोहोचू न शकल्याने मूठभर अस्थी त्यांच्यासाठी राखून, लहान तांब्यात घालून पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवल्या आहेत. ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतील, त्याच दिवशी नानांच्या नावाने घागरही भरायची आहे. तोपर्यंत तो तांब्या मावेल अशी लाकडी पेटी स्वतःच्या हाताने करावी आणि तिच्या दर्शनी बाजूस नानांचे छायाचित्र कोरून घ्यावे, अशी इच्छा आहे. घरी पाडलेल्या जुन्या माळवदाची सागवानी फळी आहे. छायाचित्र एकच, पासपोर्ट आकाराचे, कृष्णधवल. डोक्यावर पांढरी टोपी आणि मागचा पडदाही पांढराच. हे काम लेझरवर करून घ्यावे की कारागिराकडून?

ठिपका (जळगाव):
सन्मानचिन्हांवर लेझरने कोरण्याचे काम मी करतो, त्या अनुभवावरून सांगतो. पेटी सागाची अवश्य करा, पण चेहरा सागावर घेऊ नका. सागाच्या प्रत्येक वर्षवलयात एक भाग सच्छिद्र आणि मऊ, तर दुसरा घट्ट असतो. लेझरचा किरण मऊ भागात अधिक खोल जळतो आणि गालावरून, कपाळावरून आडवे-उभे पट्टे उमटतात, जे मूळ छायाचित्रात कुठेच नसतात. शिवाय सागाचा रंग मुळातच गडद असल्याने उजळ छटांना जागा उरत नाही. चेहऱ्यासाठी हळदू किंवा शिवण या फिकट आणि एकसारख्या पोताच्या लाकडाची आठ-दहा मिलिमीटर जाडीची वेगळी फळी घ्या.

तुमची खरी अडचण टोपीची आहे. लेझरकामात पांढरे म्हणजे न जळलेले लाकूड, त्यामुळे पांढऱ्या पडद्यापुढची पांढरी टोपी नाहीशी होईल आणि नाना बोडके दिसतील. छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागचा पडदा करडा करून घ्या आणि मगच त्याचे ठिपक्यांत रूपांतर करायला सांगा. दुकानदाराकडून त्याच फळीच्या तुकड्यावर आधी फिकट ते गडद अशी छटांची पट्टी जाळून घ्या. पट्टी न पाहता थेट चेहरा जाळू देऊ नका. फळीवर आधी तेल किंवा पॉलिश नको. वर कागदी चिकटपट्टी लावल्यास धुराचे डाग पडत नाहीत.

रंधा (शहादा):
वरील सल्ला लेझरपुरता योग्य आहे, परंतु जळलेली छटा म्हणजे कोरीव काम नव्हे, असे माझे मत आहे. बोटांनी चाचपल्यावर नाक, भुवई कळली पाहिजे. तरीही या छायाचित्रावरून हाताने कोरून घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. स्टुडिओत उजेड समोरून टाकलेला असतो, चेहऱ्यावर सावली पडत नाही आणि सावलीवाचून कारागिराला गाल किती उंच, डोळा किती खोल, हे कळत नाही. तो अंदाजाने कोरतो आणि चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. लग्नाच्या अल्बममध्ये खिडकीजवळ उभे असलेले, एका बाजूने उजेड पडलेले किंवा अर्धवट वळलेले नानांचे एखादे छायाचित्र मिळाल्यास पाच-सहा मिलिमीटर उठावात चांगले काम होऊ शकेल. आखाजीपर्यंतचा वेळ मात्र त्याला अपुरा आहे.

तापीकाठ (भुसावळ):
पेटीच्या बांधणीविषयी दोन गोष्टी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत जातो, लाकूड आटते. श्रावणात तेच फुगते. म्हणून चेहऱ्याची फळी डिंकाने चिकटवू नका, चौकटीच्या खाचेत सैल बसवा, नाहीतर या आटण्या-फुगण्यात ती चेहऱ्यातून तडकेल. दुसरे, अस्थी थेट लाकडावर ठेवू नका. सावडताना दूध-पाणी शिंपडलेले असते, राख क्षारयुक्त असते आणि ओल राहिल्यास लाकूड आतून काळे पडते. तांब्या आहे तो तसाच, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा. बाहेरून लाखेचे पॉलिश पातळ हाताने पुरेसे आहे. जवसाचे तेल वापरलेच, तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्या हवेत एकेक सुटी पसरून वाळवा.

केळीबाग:
सर्वांचे आभार. आईने पत्र्याच्या पेटीतून एक छायाचित्र काढून दिले: बैलपोळ्याला गोठ्याच्या दारात नाना उभे, उजेड डावीकडून, पण डोक्याला टोपी नाही. तिच्या मते टोपीशिवाय ते नाना नव्हेत. त्यामुळे आता पासपोर्टचेच छायाचित्र, पडदा करडा करून, हळदूवर लेझरने घेत आहे. विसर्जनानंतर पेटीत काय ठेवावे, हे आईने आधीच ठरवले आहे. तिने नानांचा चष्मा मोजून घ्यायला सांगितला, म्हणून पेटीची लांबी दोन बोटे वाढवली.