अंग बाहेर येणे : गर्भाशय काढावेच लागते का?

प्रश्न
माझ्या आईचे वय ६४ आहे. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी तिला योनीतून गोळा बाहेर आल्यासारखे वाटते आणि तो बोटाने आत सारल्याशिवाय लघवी पूर्ण होत नाही. डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला आहे. पिशवी काढली की हा त्रास कायमचा मिटतो का?

प्रतिसाद १
गर्भाशय खाली येते ते त्याच्यात दोष असतो म्हणून नव्हे, तर त्याला वर धरून ठेवणारे अस्थिबंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात म्हणून. त्यामुळे नुसती पिशवी काढली आणि आधार दिला नाही, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. पिशवी काढणार की ठेवणार यापेक्षा तो वरचा भाग कशाला बांधणार, हे डॉक्टरांना आधी विचारा. योनिमार्गे शस्त्रक्रिया केल्यास तो बहुधा ओटीपोटाच्या मागच्या भागातील सॅक्रोस्पायनस या मजबूत अस्थिबंधाला टाक्यांनी बांधतात. त्यानंतर काही आठवडे नितंबात दुखू शकते. पोटातून किंवा दुर्बिणीने केल्यास कृत्रिम जाळीची पट्टी त्रिकास्थीला, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाला, जोडतात. गर्भाशय ठेवूनही असा आधार देता येतो, मात्र पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला असेल तर तो मार्ग सहसा निवडत नाहीत.

प्रतिसाद २
जाळी म्हटले की लोक घाबरतात आणि ती भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या आजारासाठी योनिमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश उत्पादकांना दिला. पोटातून बसवल्या जाणाऱ्या जाळीला तो आदेश लागू नव्हता, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते.

प्रतिसाद ३
माझी शस्त्रक्रिया झाली आणि गोळा गेला, पण खोकताना लघवी सुटू लागली. खाली आलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग मुडपलेला असतो आणि गळती झाकली जाते. सगळे जागेवर बसवले की ती उघडी पडते. गोळा आत सारून खोकायला लावण्याची साधी तपासणी शस्त्रक्रियेआधी होऊ शकते, ती जरूर करून घ्या.

प्रश्नकर्ती
आईला मधुमेह आहे आणि साखर अजून आटोक्यात नाही. तोपर्यंत थांबता येईल का?

प्रतिसाद १
लघवी तुंबत नसेल आणि बाहेर आलेल्या भागावर जखम नसेल, तर सहसा थांबता येते. दरम्यान योनीत बसवायची रिंग, म्हणजे पेसरी, वापरता येते. योग्य मापाची बसली तर काहीजणी शस्त्रक्रियेचा विचारच सोडून देतात. तिची ठरावीक काळाने तपासणी आणि स्वच्छता मात्र चुकवू नये.