ब्रूअरी, पाठीराखे आणि एक पोस्टर : शब्द कोणते वापरावेत?

प्रश्न : जर्मनीतल्या डॉर्टमुंडमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या मेळाव्यासाठी पोस्टर करतोय. विषय इथलाच, बिअर आणि फुटबॉल. बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब १९०९च्या डिसेंबरात एका पबातच स्थापन झाला आणि 'बोरुसिया' हे नाव जवळच्या ब्रूअरीवरून (बिअरच्या कारखान्यावरून) घेतलं असं इथे सांगतात. मसुदा असा : 'स्थानिक मद्यनिर्मिती कारखाने आणि फुटबॉल चाहता संस्कृती साजरी करूया.' वाचताना सरकारी निविदा वाटते. ब्रूअरीला 'भट्टी' चालेल का?

प्रतिसाद : भट्टी नकोच. भट्टी म्हटलं की हातभट्टी, आणि तिच्यामागोमाग पोलिसांची धाड. शिवाय भट्टीवर दारू गाळतात, बिअर आंबवतात. उत्तर प्रदेशच्या अबकारी नियमांत 'यवासवनी' असा शब्द आहे. यव म्हणजे जव, इथवर ठीक. पण आसवनी म्हणजे पुन्हा गाळणंच. शब्द देखणा, पण बिअरला लागू नाही. सरळ 'ब्रूअरी' लिहा. पुण्यात कुणाला विचारलंत तरी हाच शब्द ऐकाल.

प्रतिसाद : आणि 'साजरी करूया' काढा हो. सण साजरा होतो, वाढदिवस होतो. कारखाना कसा साजरा करणार?

प्रतिसाद : मी कोल्हापूरचा, म्हणून 'चाहता'बद्दल बोलतो. चाहते नटनट्यांना असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालमींच्या संघांचा सामना असला की पेपरात 'फुटबॉलशौकीन' येतात आणि 'समर्थक' येतात. दोन्ही एक नव्हेत. शौकीन खेळाचा, कुठल्याही दोन संघांची मॅच बघेल. समर्थक आपल्या तालमीचा, आपल्या पेठेचा. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जे सुमारे २५,००० लोक उभ्याने मॅच बघतात, ते समर्थकच. मला 'पाठीराखे' जास्त आवडतो, कारण त्यात संघ पडता असतानाही मागे उभं राहणं आहे. आणि त्या स्टँडला तिकडच्या नावाचं शब्दशः भाषांतर करून 'पिवळी भिंत' म्हणू नका. घराला रंग दिल्यासारखं वाटतं. 'पिवळी फौज' म्हणा.

प्रतिसाद : पबसाठी 'गुत्ता' सुचवणार असाल तर थांबा, त्याला बदनामीचा वास आहे. 'पिठा'ही तसाच. गोव्याकडचा 'तावेर्न' चालेल, पण पोस्टरवर 'पब'च बरा. (हे पोस्टर महाराष्ट्रात लावू नका. दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे.)

प्रश्नकर्ता : आभार. आता असं केलंय : 'ब्रूअऱ्यांचं गाव, पाठीराख्यांचं गाव'. वर जुन्या युनियन ब्रूअरीचा मनोरा, माथ्यावर सोनेरी यू. १९२०च्या दशकातली इमारत, ते अक्षर १९६८चं, आता आत कलाकेंद्र. एकच अडचण : जर्मन लोक त्याला 'ऊ' म्हणतात. चित्राखाली 'यू' लिहू की 'ऊ'?

प्रतिसाद : 'ऊ' लिहिलंत तर मराठी माणूस डोकं खाजवत बसेल. नुसतं चित्र ठेवा.

प्रतिसाद : आणि 'ब्रूअऱ्यांचं'चं काय? हे अनेकवचन पाच वेळा भरभर म्हणून दाखवा, मग छापा. माझं मत 'बिअरचं गाव'ला.