महापालिकेत जाण्याआधी नगर पंचायत: लोकसंख्येचा आकडा कसा जुळवायचा?

गाव महापालिकेच्या हद्दीला खेटून आहे. गावठाण, ओढे, गायरान यांचं नियोजन गावाकडेच राहावं म्हणून स्वतंत्र नगर पंचायत हवी आहे. महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद-नगर पंचायत अधिनियमानुसार लोकसंख्या किमान 10,000 आणि बिगरशेती रोजगार किमान 25 टक्के लागतो. रोजगार बसतो, जनगणनेच्या तक्त्यातून शेतकरी, शेतमजूर वजा करून काढलाय. लोकसंख्या मात्र 2011 ला 9,640. शेजारची वाडी (वेगळी ग्रामपंचायत) यायला तयार आहे. दोन्ही ग्रामसभांचे ठराव झालेत.

नगर पंचायत झाली की ग्रामीण रोजगार हमीची कामं बंद होतील, घरपट्टी वाढेल, हे ठाऊक आहे. फुरसुंगी-उरुळी देवाची ही गावं 2017 ला पुणे महापालिकेत जाऊन 2024 ला बाहेर पडली. आम्ही अजून बाहेरच आहोत.

दोन ग्रामपंचायतींचा एकत्र प्रस्ताव थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, की आधी वाडी आमच्या ग्रामपंचायतीत विलीन करावी लागेल?