सामोपचाराने घटस्फोट: रेडिंगचं घर, दोन पेन्शनं आणि बाणेरचा फ्लॅट

प्रेषक: रेडिंगची एक सभासद (संयोजकांमार्फत)

नमस्कार मंडळी,

नाव न देता लिहिते आहे, संयोजकांना ते माहीत आहे. मी आणि माझा नवरा वेगळे होतो आहोत. भांडण नाही. दोघांनी मिळून ठरवलं आहे आणि दोन्ही घरी सांगूनही झालं आहे, त्यामुळे "पुन्हा विचार करा" असं कृपया कोणी लिहू नका. तुम्ही ते मायेनेच लिहाल, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न पैशांचा आहे. इथलं, इंग्लंडमधल्या रेडिंगचं घर दोघांच्या नावावर आहे, मॉर्गेज (गृहकर्ज) चालू आहे. माझं पेन्शन एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं), त्याचं कंपनीचं. बाणेरचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज फिटलेलं. माझे दागिने पुण्यात सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. मुलगी बारा वर्षांची. ठरलंय असं: घर माझ्याकडे, फ्लॅट त्याच्याकडे, पेन्शन ज्याचं त्याला. घटस्फोटाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तेवढं केलं की सगळं मिटलं का?

---

प्रेषक: क्रॉयडनहून, एक ज्येष्ठ सभासद

मुली, तुमचं एकमत आहे तर कोर्टात पैसे कशाला घालवायचे? काय कोणाला मिळणार ते कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा, दोन साक्षीदार घ्या. आपल्याकडे भावाभावांच्या वाटण्या अशाच होत आल्या. साक्षीदार लागला तर मी येईन, निःसंकोच सांग.

---

प्रेषक: हॅरोहून

नमस्कार. मी इथे सॉलिसिटर आहे आणि कौटुंबिक कायद्याचंच काम करते. काका, साक्षीला यायची तुमची तयारी मोलाची आहे, पण असा कागद इंग्लंडच्या कोर्टाला बांधून ठेवत नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

६ एप्रिल २०२२पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दोष न सांगता घटस्फोट मिळतो आणि दोघांना मिळून एकच अर्ज करता येतो. फी ६०० पौंडांच्या थोडी वर आहे. अर्ज दाखल झाल्यावर २० आठवडे थांबायचं, मग कंडिशनल ऑर्डर (घटस्फोट द्यायला हरकत नाही असा कोर्टाचा पहिला आदेश), त्यानंतर किमान सहा आठवड्यांनी फायनल ऑर्डर (अंतिम आदेश). पण फायनल ऑर्डरने फक्त लग्न संपतं. एकमेकांवरचे आर्थिक हक्क तसेच उघडे राहतात आणि त्यांना मुदतच नाही.

डेल विन्स यांचं प्रकरण वाचा. १९९२ साली घटस्फोट झाला तेव्हा दोघांकडे काहीच नव्हतं. पुढे त्यांनी पवनऊर्जेची मोठी कंपनी उभी केली. माजी पत्नीने २०११ साली दावा लावला आणि २०१५मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने तो चालू द्यायचा निर्णय दिला. शेवटी तीन लाख पौंडांवर तडजोड झाली. तुमच्यापैकी कोणी असा दावा करेल असं मी म्हणत नाही. पण पंधरा वर्षांनी तुमच्या आयुष्यात दुसरी माणसं असतील, आणि त्यांनाही निर्धास्त राहता आलं पाहिजे.

यावर उपाय म्हणजे कन्सेंट ऑर्डर, म्हणजे दोघांच्या संमतीच्या वाटणीवर कोर्टाचा आदेश, त्यात क्लीन ब्रेकचं, म्हणजे पुढे एकमेकांवर आर्थिक दावा न करण्याचं कलम घालून. मसुदा सॉलिसिटरकडून करून घ्या, फक्त तेवढ्यापुरता वकील घेता येतो. सोबत डी८१ नावाचा फॉर्म जातो, त्यात दोघांनी आपलं सगळं उघड करायचं: घर, कर्ज, पेन्शन, भारतातली खाती, फ्लॅट, दागिनेसुद्धा. कंडिशनल ऑर्डरनंतर न्यायाधीश ते पाहतात. दोघं राजी असाल तर बहुतेक वेळा हजरही राहावं लागत नाही.

"पेन्शन ज्याचं त्याला" हे आकडे पाहिल्याशिवाय ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घराच्या बरोबरीने, कधी घरापेक्षाही मोठी मालमत्ता हीच असते. दोघांनी आपापल्या पेन्शनची सीईटीव्ही, म्हणजे हस्तांतर किंमत, आजच मागवा. एनएचएसकडून उत्तर यायला वेळ लागतो. शिवाय एनएचएसचं पेन्शन हे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारं आहे. त्याची सीईटीव्ही आणि कंपनीच्या पेन्शनमध्ये साठलेला पैसा हे आकडे सारखे दिसले तरी त्यांचं मोल सारखं असेलच असं नाही. आणि तुमचं पेन्शन मोठं निघालं तर नवऱ्याने ते जाणूनबुजून सोडलं आहे, हे कोर्टाला दिसायला हवं. पेन्शन वाटायचंच ठरलं तर ते कोर्टाच्या आदेशाशिवाय वाटता येत नाही.

रेडिंगचं घर जॉइंट टेनन्सीत (हिस्से न पाडलेल्या संयुक्त मालकीत) आहे का तेही पाहा. तसं असेल तर एकाच्या पश्चात ते आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काही का लिहिलेलं असेना. घटस्फोटाच्या वाटणीत घर तुमच्या नावावर होताना इथली स्टॅम्प ड्युटी लागत नाही. पण बँक एकट्याच्या पगारावर मॉर्गेज देईल का, हे आधी विचारून ठेवा.

---

प्रेषक: मिल्टन कीन्सहून

मी अकाउंटंट आहे. हॅरोच्या ताईंनी इथलं सगळं सांगितलंच, मी फक्त बाणेरबद्दल लिहितो.

तो फ्लॅट नवरा-बायको असतानाच नवऱ्याच्या नावावर करा. महाराष्ट्रात निवासी घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. घटस्फोट झाला की तुम्ही एकमेकांचे "नातेवाईक" राहत नाही. मग मुद्रांक शुल्क बाजारभावावर लागतं आणि पतीपत्नीमधल्या भेटीला भारतात असलेली आयकराची सूटही जाते. आपली मंडळी आधी "इथलं उरकू", मग "पुढच्या सुट्टीत पुण्याचं बघू" म्हणतात, आणि ती सुट्टी फायनल ऑर्डरनंतर येते.

दोघांना पुण्याला जाणं जमत नसेल तर तुमच्या हिश्शासाठी मुखत्यारपत्र करा. ते इंडियन हाय कमिशनमध्ये साक्षांकित करता येतं, किंवा इथल्या नोटरीकडून करून त्यावर अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का) घ्यावं लागतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नावही बदलून घ्या.

---

प्रेषक: रेडिंगची सभासद

मनापासून आभार. सीईटीव्ही दोघांनीही काल मागवली. एक शंका आहे. बक्षीसपत्र आधी केलं म्हणजे मी फ्लॅट देऊन बसले आणि इथली ऑर्डर अजून हातात नाही. हे धोक्याचं नाही का? आणि इथला घटस्फोट भारतात चालतो का?

---

प्रेषक: हॅरोहून

शंका अगदी रास्त आहे. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की परत घेता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: कंडिशनल ऑर्डर, मग कन्सेंट ऑर्डरवर न्यायाधीशांची मोहोर, मग पुण्यात बक्षीसपत्र, आणि त्याचा नोंदणी क्रमांक हातात आल्यावर फायनल ऑर्डरचा अर्ज. फ्लॅट तुम्हा दोघांच्या वाटणीचा भाग म्हणून कन्सेंट ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घ्या. ती ऑर्डर लागू फायनल ऑर्डरनंतरच होते, म्हणजे मधले काही आठवडे एकमेकांवरच्या भरवशावरच काढावे लागतात, ते कमीत कमी ठेवा. फायनल ऑर्डर लगेच मागायची सक्ती नाही. कंडिशनल ऑर्डरनंतर १२ महिने उलटले तर मात्र उशिराचं कारण द्यावं लागतं, त्यामुळे मुखत्यारपत्राची तयारी आत्ताच सुरू करा.

भारतातल्या मान्यतेबद्दल: १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी घटस्फोट एकतर्फी असेल तर हिंदू विवाह कायद्याखाली तो सहसा टिकत नाही, पण दुसऱ्या बाजूची संमती असेल तर मानला जातो. म्हणून अर्ज दोघांचा एकत्रच करा. एकाने केला आणि दुसऱ्याने नुसती पोच दिली, असं करू नका. फायनल ऑर्डरच्या प्रमाणित प्रतीवर अपोस्टील घेऊन ती दोघांकडे एकेक ठेवा. पुढे पुण्यात कोणी पुन्हा लग्न करायचं ठरवलं की तीच लागेल.

दागिन्यांचं राहिलं. ते स्त्रीधन आहे, तुमचंच. पण लॉकर सासूबाईंच्या नावावर आहे, तेव्हा फोटोंसह यादी करा, त्यावर नवऱ्याची सही घ्या आणि बक्षीसपत्रासाठी जो कोणी पुण्याला जाईल त्याच्या हातून ते त्याच खेपेला तुमच्या माहेरी पोचवा. सासूबाईंना फोन तुम्ही दोघांनी मिळून करा.